इंगळेकाका आणि बिनब्रशची सर्वो

आमचे शेजारी इंगळेकाका माणसाला नमस्कार करत नाहीत, त्याच्या कानाला सर्वो लावतात. दोन वर्षांपूर्वी अमरावतीत राहायला आलो त्या दिवशी मी सामान उतरवत होतो, तर हे कुंपणावरून वाकले आणि काडेपेटीएवढी एक काळी डबी माझ्या कानाशी धरली.

"आयकू येते काय?"

"नाही. काहीच नाही."

"तेच तं! बिनब्रशची आहे!"

सर्वो म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचे पंख-शेपूट हलवणारी मोटर. साध्या सर्वोत कार्बनचे ब्रश असतात. ते घासतात, कुरकुरतात, झिजतात. बिनब्रशचीत ती भानगडच नाही. कमी तापते, झटकन वळते, सांगितलं तेवढीच वळते आणि वर्षानुवर्षं टिकते. काकांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. सगळ्या मोहल्ल्याच्या मिक्सरचे झिजलेले कार्बन बदलण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे या शोधाचं त्यांना भारीच अप्रूप. "घासतच नाही, तं झिजन कसं?" हे पालुपद सिलिंडरवाल्यालाही पाठ आहे. अकोल्याच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला असं धरलं, की गोंधळलेल्या मामानं अक्षता सर्वोवरच टाकल्या.

काका दिसले की लोक गल्ली बदलतात. मीही बदललेली आहे.

दर रविवारी सकाळी ते विमान स्कूटरला बांधून वलगावला जात. तिथं त्यांच्या साडूचं पडीत वावर होतं. परत आल्यावर "कसं उडालं?" विचारलं, की एकच उत्तर : "मख्खन!"

एका रविवारी स्कूटर सुरूच होईना, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवर नेलं. काकांनी वावरात विमान ठेवलं, रिमोट हातात घेतला. शेपूट डावीकडे, उजवीकडे. पंख वर, खाली. दहा मिनिटं हेच. मग विमान उचललं, पुसलं आणि फडक्यात गुंडाळायला लागले.

"काका, उडवत नाही?"

"झालं ना. चेक केलं."

"पण उडवलं कुठं?"

काकांनी फडक्याला गाठ मारली.

"वर गेलं का मले समजत नाही, बाप्पा. येऊन राह्यलं का जाऊन राह्यलं, डोयाले दिसतच नाही. तुही काकू उभी राहे बाजूले. 'डावीकडं कललं जी, आता आपल्याकडं येते.' तिनं सांगाव, म्या उडवाव."

काकू तर मी राहायला येण्याआधीच वारल्या होत्या. म्हणजे निदान दोन वर्षं हे विमान जमिनीवरच होतं.

"सोडा फडकं," मी म्हणालो. "मी सांगतो."

"तुले जमन?"

"डावं-उजवं कळतं मला."

विमान उठलं आणि माझी घाबरगुंडी उडाली. "काका, तिकडे! तिकडे चाललं!"

"तिकडं म्हंजे कुठं? अकोल्याले काय?"

मग हळूहळू जमलं. डावीकडे, सरळ, आता आपल्याकडे. शेजारच्या तुरीवरून तीन फेऱ्या झाल्या आणि विमान दोन उड्या मारून वावरात टेकलं. काका मात्र रिमोट धरून बराच वेळ वरच पाहत होते. वर काहीच नव्हतं.

परतताना ते माझ्या मागे विमान मांडीवर घेऊन बसले होते. वलगाव सुटल्यावर म्हणाले, "येत्या आइतवारी तुले काम असन."

"नाही काका."

"असलं तं सांगजो बरं. मी नुस्तं चेक करून बी येतो."

"काही काम नाही," मी म्हणालो. "सकाळी किती वाजता निघायचं?"