काळीची पांढरी जाहली त्याची हकीकत

श्री. भूमिदेवता साक्ष असो. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सरे, भाद्रपदमासी एका राज्यात बाजरीस कीड पडली आणि महाराज बहुत चिंतावले आणि हुकूम फर्माविला की, कीड मरावी म्हणोन रयतेने कापणीनंतरची धसकटे जाळावी आणि आठबैली नांगराने रान खोल उलथावे. मग गावोगाव आगी लागल्या आणि पुढील हंगामी राखेच्या जोमाने पीक मातबर आले. परंतु गोंदणगावची साऊबाई पाटलीण, विधवा, एक लेक पदरी, इणे धसकटे रानातच कुजविली, शेणखत घातले, नांगर न घालिता वरवर वखर फिरविला आणि रान उघडे न पडावे म्हणोन कापणीमागे मटकी पेरिली. तिचे पीक मात्र उणे आले. मग सुभेदार हैबतराव स्वतः आले आणि बोलिले, "पाटलीणबाई, हुकूम मोडिता? शेजाऱ्यांची कणसे पाहा."

बाई बोलिली, "साहेब, राख एक साल पोसते. मातीतला काळा कस जळाला तर पाणी कोण धरील?"

"दोन साल मुदत देतो. न साधले तर पाटीलकी जप्त."

मग बाईस अन्न गोड लागेना. रोज माती उकरावी, हुंगावी आणि निःश्वास टाकावा. लेक धोंडाई रडोन म्हणे, "आई, जाळून टाकू. रान गेले तर खावे काय?" परंतु बाईने आग लाविली नाही. दुसरे सालीही पीक जेमतेमच आले. तिसरे साली आषाढात पाऊस ओढला आणि भोवतालची पिके वाळोन गेली आणि भुरकट माती वाऱ्यासंगे उडो लागली. बाईची बाजरी माना टाकोन का होईना, उभी राहिली. मग मुदत भरता सुभेदारांनी येवोन बाईच्या व शेजारच्या, दोहीं रानी हातभर खड्डे खणविले. शेजारचे ढेकूळ मुठीत भुगा जाहले. बाईची माती काळी, गार, आत गांडुळे. सुभेदारांनी जोडे उतरविले आणि बोलिले, "बाई, आम्ही चुकलो. आजपासोन जाळणे बंद. राज्याची काळी माती केव्हा परतेल?"

बाई हर्षली नाही. म्हणाली, "तीन सालांत माझी नखभर चढली, साहेब. शेजाऱ्यांची बोटभर उतरली."

सुभेदारांनी तेथूनच महाराजांस कागद लिहिला.

तात्पर्य, पाटीलकी राहिली आणि हुकूम एका कागदाने फिरला. काळी परतावयास किती पिढ्या लागतील, हे लिहिणारास ठाऊक नाही.