लल्ला हनियाची प्रकृती

"वडिलांचं नाव काय लिहू?" रादियाने विचारलं.

"कुणाच्या?" चहातले बदाम चमच्याने शोधत साहेब, म्हणजे सी मुन्सिफ (तिकडे 'सी' म्हणजे श्रीयुत), म्हणाले.

"विहिरीच्या."

जिल्ह्याच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत नुकतीच नवी पद्धत आली होती. देशातल्या सगळ्या प्रयोगशाळांनी आपले निकाल एकाच ठरलेल्या साच्यात, संगणकावरून राजधानीला पाठवायचे, म्हणजे इथलं तिथे जसंच्या तसं कळेल. साचा चांगला होता. फक्त त्यात माणसं बसत होती, पाणी बसत नव्हतं. पाण्याचा साचा पुढच्या वर्षी येणार होता.

आणि समोरची बाटली होती लल्ला हनियाची. डोंगरातल्या गावाची ती एकुलती एक विहीर. शेकडो वर्षांपूर्वी ज्या बाईने ती बांधून दिली, तिच्याच नावाने गाव विहिरीला हाक मारतं; लल्ला म्हणजे बाईसाहेब. आता तिला तडा गेला होता, शेजारच्या गोठ्यातली घाण आत झिरपत होती आणि गावातल्या पोरांची पोटं बिघडत होती. विहिरीचा राखणदार बलगासमकाका दोन वर्षं पाणीखात्याकडे अर्ज करत होता. खातं दरवेळी नवा अर्ज मागत होतं.

"नावाशिवाय निकाल पुढे सरकत नाही, सी मुन्सिफ. आणि यात नुसते जंतू आहेत जंतू."

"मग टाक हनिया. बाई. वडील अब्दुल्ला, म्हणजे अल्लाचा बंदा. सगळे त्याचेच बंदे."

"वय तीनशे घेत नाहीये."

"बाईचं वय कोण खरं लिहितं? साठ लिही."

नातेवाईक म्हणून रादियाने बलगासमकाकाचा नंबर टाकला आणि निकाल रवाना केला.

दुसऱ्या दिवशी बलगासमकाका गावच्या चहावाल्याकडे बसला होता, तिथे समोर रुग्णवाहिका थांबली. तोंडाला मास्क लावलेल्या तरुण डॉक्टर इबतिसाम खाली उतरल्या.

"हनियाबाईंचे नातेवाईक बलगासम तुम्हीच ना? कुठे आहेत त्या?"

काकाने स्ट्रेचरकडे पाहिलं. दोन वर्षांत सरकारचं चाक पहिल्यांदाच हा चढ चढलं होतं. ते रिकामं परत पाठवायची त्याची इच्छा नव्हती.

"मशिदीच्या मागे," तो बेताने म्हणाला.

"चालता येतं?"

"जन्मात कधी जागची हलली नाही."

"त्यांच्याकडे कोण येतं-जातं?"

"अख्खं गाव. सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरांनी मास्क आणखी घट्ट केला.

मशिदीमागे पोचल्यावर त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं, हातातला कागद पाहिला आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"काका, ही विहीर आहे."

"पण आजारी आहे ना?"

डॉक्टरांनी तिथूनच प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडे सी मुन्सिफांचा चहा सांडला.

"रद्द कर, रादिया. निवृत्तीला टेकलोय मी."

"रद्द होत नाही, साहेब. रुग्ण बरा झाला नाहीतर वारला, दोनच पर्याय आहेत."

"मग वारली म्हण."

"तसं लिहिलंत तर चौकशी येईल," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "दफन कुठे केलं ते विचारतील."

सी मुन्सिफांनी टेबलावर सांडलेला चहा पुसला. "मग बरी करा बाई तिला," ते म्हणाले.

राजधानीचा संगणक रुग्णाला विसरणारा नव्हता. रोज सकाळी तो सगळ्यांना विचारायचा, उपचार सुरू झाले का, औषध पोचलं का. डॉक्टरांनी औषधाच्या रकान्यात क्लोरीन लिहिलं, ते आलं. शस्त्रक्रियेच्या रकान्यात तडा बुजवणे लिहिलं, तर सिमेंट घेऊन गवंडी आला. गोठा दूर हलला. गाव तोवर टँकरचं पाणी उकळून पीत होतं, आणि बायका एकमेकींना विचारायच्या, "आज कसं आहे गं तिचं?" रादिया दर आठवड्याला बाटली तपासायची. जंतू आधी कमी झाले, मग दिसेनासे झाले.

"पुढच्या वर्षी पाण्याचा साचा येतोय, काका," शेवटची बाटली न्यायला आली तेव्हा ती म्हणाली. "मग सगळं नीट होईल."

"पोरी, तिला त्यात हलवू नकोस," काका म्हणाला. "माणसांत आहे तेच बरं."

दोन दिवसांनी त्याच्या फोनवर राजधानीहून संदेश आला. काकाने तो विहिरीच्या काठावर बसून मोठ्याने वाचला, तिलाही ऐकू जावा म्हणून.

"आपल्या रुग्ण हनिया अब्दुल्ला पूर्ण बऱ्या झाल्या आहेत. त्यांनी थोडे दिवस विश्रांती घ्यावी आणि भरपूर पाणी प्यावं."

काकाने एक बादली वर ओढली. ओंजळभर स्वतः प्यायला, आणि उरलेली सावकाश परत विहिरीत ओतली.