बापूसाहेबांची हरकत

आमच्या गल्लीतल्या एका लग्नात भटजी शेवटचं 'सावधान' म्हणणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "हरकत आहे!"

लोकांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. नवरीचा बाप पांढराफटक पडला. बापूसाहेब उभे राहिले, चष्मा सावरला आणि म्हणाले, "कूलर नवरदेवाकडे तोंड करून ठेवला आहे. तिकडं नवरी घामानं भिजून राह्यली. कूलर मधात घ्या, मग चालू द्या."

कूलर मध्ये आला, लग्न लागलं. त्या घराने पुन्हा कुठल्याही कार्याला बापूसाहेबांना बोलावलं नाही आणि बापूसाहेब न बोलावता जात राहिले.

बापूसाहेब म्हणजे अमरावतीतले जुने दिवाणी वकील. घरात तीन पिढ्यांची वकिली. त्यांनी कोर्ट सोडून बरीच वर्षं झाली होती, पण कोर्टाने काही त्यांना सोडलं नव्हतं. कायद्याचं बोलायचं ते शुद्ध पुस्तकी मराठीत आणि बाकी सगळं पक्क्या वऱ्हाडीत. बायको वारल्यापासून घरात एकटे. मुलगा बंगळूरला. मी समोरच्या घरात राहतो. कॉलेजात भूगोल शिकवायचो, त्यामुळे गल्लीत सगळे मला सर म्हणतात. माझ्या भूगोलावरही त्यांची हरकत होती. नद्या उगाच वळणं घेतात, असं त्यांचं मत होतं.

त्यांचं रोजचं कोर्ट भरायचं वासुभाऊंच्या कॉफीच्या दुकानात. वासुभाऊ मोर्शीकडचे, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातले. बाग भावांना सोडून तरुणपणी नागपूरच्या एका हॉटेलात कॉफी शिकले आणि चहाबाज अमरावतीत येऊन फक्त कॉफीचं दुकान टाकलं. हा वेडेपणा त्यांनी जन्मभर चालवला. बसायला चार टेबलं, भिंतीवर दत्ताचा फोटो आणि गल्ल्यामागे हसतमुख वासुभाऊ.

बापूसाहेब सकाळी गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसायचे, एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे.

"हरकत आहे."

"आता काय झालं, साहेब?"

"आज पातळ आहे."

"काल तुमीच म्हणले ना, कडक हाय म्हणून?"

"काल मी कडक आहे म्हणलो. पातळ कर असं म्हणलो का? रेकॉर्ड पाह्य."

यावर वासुभाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. "बरं साहेब, उद्या पाहू."

'उद्या पाहू' म्हणजे पुढची तारीख. तारीख पडली की बापूसाहेब समाधानाने कप रिकामा करत आणि निघताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "हे दुकान जनहितार्थ बंद व्हायला पाहिजे." नवं गिऱ्हाईक घाबरून कपाकडे बघायचं. वासुभाऊ त्याला सांगायचे, "घ्या तुमी बिनधास्त. ते रोजचे हाईत."

एका सकाळी टेबल पुसता पुसता वासुभाऊ म्हणाले, "साहेब, दिवाळी झाली का दुकान बंद करून राह्यलो मी."

आम्ही रोजची गिऱ्हाइकं हसलो. वासुभाऊ हसले नाहीत.

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. "नोटीस कोणाची आली?"

"कोणाची नाही."

"घरमालक?"

"जागा माहीच हाय."

"महापालिकेवाले?"

"ते कायले येतीन?"

"मंग आहे कोन? नाव सांग. उद्याच स्टे आणतो."

वासुभाऊंनी पायजमा वर ओढला. दोन्ही गुडघे कोहळ्यासारखे सुजले होते. "हे दोघं," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच बापूसाहेबांना प्रतिवादी समोर दिसत होते आणि काही करता येत नव्हतं. वासुभाऊंची बायको आधीच गेलेली. एकुलती एक मुलगी सुनंदा अकोल्याला शाळेत शिक्षिका. ती केव्हाची म्हणत होती, बाबा इकडे या, ऑपरेशन करून घेऊ. आता उभं राहणंच होईना, तेव्हा वासुभाऊंनी होकार दिला. साधी गोष्ट होती. कोणाचा दोष नव्हता. बापूसाहेबांना नेमकं तेच सहन होईना.

पुढे दिवाळीपर्यंत त्यांनी खटला लढवला. चांदूर बाजारच्या कुठल्याशा वैद्याचं तेल आणलं. त्याने गुडघे उतरले नाहीत, मात्र दुकानभर असा वास सुटला की गिऱ्हाइकं पांगली. मग गल्ल्यामागे उंच स्टूल आणून ठेवलं. वासुभाऊ त्यावरून घसरले. शेवटी बापूसाहेब स्वतःच ट्रे घेऊन टेबलांमधून फिरू लागले. पहिल्याच फेरीत गरम कॉफी माझ्या पँटवर आली.

"काही हरकत?" त्यांनी दरडावून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मांडी भाजल्याचं सांगवेना.

शेवटच्या दिवशी दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. कित्येक वर्षांत न फिरकलेले लोक आले होते. वासुभाऊंच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते आणि कॉफी निवत होती. बापूसाहेब दारातच उभे राहून एकेकाची उलटतपासणी घेत होते.

"तुम्ही याआधी कधी आला होता?"

"येणं होत नाही हो काका. कामधंदा राह्यते."

"मंग आज काहून आले? मयतीले?"

आतून वासुभाऊ ओरडले, "साहेब, येऊ द्या ना लोकायले!"

गर्दी ओसरल्यावर वासुभाऊंनी स्वतः लंगडत त्यांच्यासमोर कप आणून ठेवला आणि टेबलाला धरून उभे राहिले. बापूसाहेब हळूहळू सगळी कॉफी प्यायले.

"काय साहेब?" वासुभाऊंनी विचारलं.

"ठीक आहे," बापूसाहेब म्हणाले आणि काठी उचलून निघून गेले.

वासुभाऊ कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिले. दिवसभर हसतमुखाने निरोप घेणारा हा माणूस तेव्हा मला म्हणाला, "सर, थे काहीच बोलले नाही ना जी."

त्यानंतर बापूसाहेबांना बरं वाटावं म्हणून आम्ही त्यांना कॉलेजजवळच्या एका नव्या कॅफेत घेऊन गेलो. तिथे गाद्यांच्या खुर्च्या होत्या आणि इंग्रजी गाणी. काउंटरवरच्या मुलीने फेसावर दुधाची नक्षी काढलेला कप आणून ठेवला. बापूसाहेब बराच वेळ वाकून बघत होते.

"बाई, हे बदाम काहून काढलं? मी ओळखतो का तुमाले?"

"आर्ट आहे सर. सगळ्यांनाच काढून देतो."

"सगळ्यायले?" ते जास्तच नाराज झाले. एक घोट घेऊन त्यांनी सवयीने डोळे मिटले. "हरकत आहे."

मुलीने गोड हसून मोबाइल पुढे केला. "सर, इथं फीडबॅक देऊन टाका ना. स्टार दाबायचे."

"कोन वाचते हे?"

"असं कोणी नाही सर. कंपनीकडे जाते."

बापूसाहेबांनी मोबाइल तिला परत दिला. "राहू दे, बेटा," म्हणाले आणि उठले.

मग ते सकाळी दिसेनासे झाले. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवी घेऊन बडनेरा स्टेशनावर गाडी पकडायला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. विचारलं की एकच उत्तर, "अकोल्याच्या कोर्टात एक जुनी केस निघाली आहे." या वयात यांना वकीलपत्र कोणी दिलं असेल, यावर गल्लीत चर्चा झाली. बहुमत असं पडलं की बापूसाहेबांचं डोकं फिरलं आहे. बंगळूरहून त्यांच्या मुलाचाही मला फोन आला, "काका, बाबा जातात कुठे? जरा बघता का?"

जानेवारीत माझ्या मेहुणीच्या घरी कार्य होतं म्हणून अकोल्याला गेलो. म्हटलं आलोच आहोत तर वासुभाऊंना भेटून यावं. सुनंदाचं घर सापडायला वेळ लागला नाही. भरदुपार होती. ती शाळेत गेलेली असणार, आणि जावई संत्र्याच्या व्यापारातला, हंगामात वरूडलाच मुक्कामाला. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

पुढच्याच खोलीत खाटेवर वासुभाऊ बसले होते. ऑपरेशन झालेलं दिसत होतं, गुडघ्याला पट्टा होता. समोर जमिनीवर, वर्तमानपत्र अंथरून, मांडी घालून बापूसाहेब बसले होते. वासुभाऊंचं पाऊल त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं होतं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते त्यांची नखं कापत होते.

तीन पिढ्या वकिली केलेल्या घरातला हा माणूस. देवळातसुद्धा ते कधी खाली बसलेले मी पाहिले नव्हते. त्यांना खुर्ची लागायची.

मला बघून वासुभाऊ ओशाळले. पाय ओढून घ्यायला गेले, पण बापूसाहेबांनी टाच घट्ट धरून ठेवली.

"सर, मले वाकता येत नाही ना आता," वासुभाऊ म्हणाले. "लेक करते सगळं. पण नखं काप म्हणून लेकीले कसं सांगू? लाज वाटते. याइले म्या सांगतलं नव्हतं. याइनंच पाह्यलं." थोडं थांबून हळूच म्हणाले, "घरात दिवसभर कोणी नसते जी."

"त्याच्याइथं कोणी नसते, माह्याइथं कोणी नसते," बापूसाहेब मान वर न करता म्हणाले. "पाय हलवू नको बे, लागीन."

मी तसाच उंबऱ्यात उभा होतो. त्यांच्या मुलाला काय सांगायचं, ते कळत नव्हतं. बापूसाहेबांनी करंगळीवर फुंकर मारली, पाऊल जरा उजेडाकडे वळवलं आणि डोळे बारीक केले.

"सर, ते खिडकी उघडा जराशी," ते म्हणाले. "बारकं नख आहे. दिसून नाही राह्यलं."

मी आत गेलो आणि खिडकी उघडली.