उरकुडाची घरगाडी

उरकुडाने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, वजन विचारलं. फिरत्या दवाखान्याचा नवा कंपाउंडर म्हणून रुजू व्हायला मी वडशाच्या स्टेशनाबाहेर पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होतो. त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं, माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं आणि घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "किती भरते जी वजन तुमचं?"

मी सांगितलं.

"अरे बापा! माणूस मागितला तं कागद पाठवला." मग त्याने माझी ट्रंक उचलून पाहिली आणि त्याचं तोंड जरा उजळलं. "पेटी चांगली हाये. पेटी वाऱ्याकडून ठेवू."

माझ्यापेक्षा माझी ट्रंक उपयोगाची, हे त्याने पहिल्या भेटीत ठरवलं आणि पुढे कधी लपवलं नाही.

पण त्याची अडचण खरी होती. आमचा जिल्हा तेव्हा नागपूरच्या सरकारातून मुंबईच्या सरकारात नुकताच गेला होता. सरकार बदललं, गाडी तीच राहिली. लढाईनंतर भंगारात निघालेल्या लष्करी ट्रकच्या सांगाड्यावर सुतारांनी लाकूड-पत्र्याचं उंच घर चढवलं होतं. आत औषधांची कपाटं, तपासायचं टेबल, झोपायच्या फळ्या, स्टोव्ह आणि टपावर पाण्याची टाकी. डॉक्टर, मी आणि उरकुडा दिवसच्या दिवस त्यातच राहायचो, रांधायचो, झोपायचो. लोक तिला घरगाडी म्हणायचे. घर म्हणून ठीक होती, गाडी म्हणून भयंकर. वारा आडवा आला की ती एका अंगावर कलायची आणि कपाटातल्या बाटल्या दात वाजवायला लागायच्या.

"गाडी नाई जी हे," उरकुडा म्हणायचा, "चाकं लावलेला पतंग हाये."

या पतंगासाठी त्याने कायदे केले होते आणि ते डॉक्टरांनासुद्धा लागू होते. झाडाखाली गाडी उभी करायची नाही. त्यामुळे वैशाखात सगळ्या जंगलाला सावली असताना आम्ही तेवढे उघड्यावर भाजत बसायचो. ढग दिसला की टपावरची टाकी रिकामी करायची, कारण वजन डोक्यावर नको, बुडाशी पाहिजे. एकदा डॉक्टर गाडीमागे अंगाला साबण लावून उभे होते आणि उरकुडाने ढग पाहून टाकीचं बूच काढलं. डॉक्टर त्या दिवशी तसेच, अंगावर साबण वाळवत, पुढच्या गावच्या विहिरीपर्यंत आले. वादळात सापडलो तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं आणि थांबायचं. थांबणं जमत नसेल तर दोन्ही बाजूंची दारं उघडून बांधून टाकायची. "वाऱ्याले घरातून जाऊ द्या, म्हंजे तो घर उचलत नाई." त्या वाटेने माझा एक शर्ट आणि डॉक्टरांचे बरेच कागदही गेले.

वारा पाहायला तो खिशात धानाचा कोंडा ठेवायचा. चिमूटभर हवेत सोडायचा, तो कसा पडतो ते डोळे बारीक करून बघायचा आणि मग गिअर टाकायचा. वडशाच्या गिरणीतून तो कोंडा आणायचा. एका माणसाच्या खिशाला कोंडा लागून किती लागणार, पण हा टोपलीने आणायचा. विक्षिप्त माणसाचा हिशेब कोण विचारतो?

आणि शेवटचा कायदा, ज्याच्यामुळे तो साऱ्या मुलखात ओळखला जायचा. वारा सुटला की उरकुडा जवळच्या गावात गाडी नेऊन भोंगा दाबायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "वजन पायजे!"

लोक धावत यायचे. फुकट गाडीत बसायला कोणाला नको असतं? उरकुडाला कुरखेड्यापासून वडशापर्यंतची सगळी जाड माणसं पाठ होती. कोणता सावकार किती पोत्यांचा, कोणता हवालदार बदलून गेला आणि त्याच्या जागी कसा काटकुळा आला, याची त्याला खंत असायची. चिखलबोडी गावच्या कौसाबाईवर त्याचा फार जीव. "दोन पोते, आन् हलत नाई," अशी तो तिची तारीफ करायचा. कौसाबाईही रागवायची नाही. पदर खोचून वाऱ्याकडच्या बाजूला बसायची आणि मला म्हणायची, "कंपाउंडरबाबू, माह्यामागं बसा, उडून जासान."

चिखलबोडीला वजन घ्यायचं कारण पुढची तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. रस्ता त्या पाळीवरूनच जायचा. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला खोल धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, वर एक झाड नाही. वारा आडवा यायचा तो तिथे. पाळ ओलांडली की वजन खाली उतरायचं आणि गाणी म्हणत पायी घरी जायचं. लोक भरलेले असले की उरकुडाची कळी खुलायची. गाडी बैलाच्या चालीने चालवायचा आणि मागे न पाहता एकेकाला विचारायचा, "आज का रांधलं जी घरी?" पाळ संपेपर्यंत सगळ्या गावची भाजी त्याला कळलेली असायची.

डॉक्टरांना हे पसंत नव्हतं, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. औषधाच्या गाडीत गावची वरात कशाला? त्यांनी वर लिहिलं, वरून हुकूम आला. गाडीत वाळूची पोती ठेवावीत, रोग्याखेरीज कोणाला घेऊ नये. उरकुडाने वैनगंगेच्या पात्रात जाऊन पोती भरून आणली, शिवून बाकांखाली लावली.

तरीही डॉक्टर रजेवर असले आणि वारा सुटला की तो हळूच म्हणायचा, "गाडी हलकी लागते जी."

"वाळू आहे ना आता?"

"हलकी लागते."

त्याचा चेहरा इतका बापुडवाणा व्हायचा की मी खिडकीबाहेर पाहायचो आणि तो भोंगा दाबायचा. मला वाटायचं, बहाणा करतो आहे बिचारा.

ज्येष्ठ महिना होता. कुरखेड्याच्या पलीकडे रानातल्या एका गावी आमचा मुक्काम असताना मानकू नावाचा गोंड तरुण बायकोला खाटेवर घालून घेऊन आला. तिचं नाव जानो. मूल आडवं आलं होतं आणि अडलेली बाई आता ओरडतही नव्हती. डॉक्टरांनी हात धुतले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "इथे माझ्याने होणार नाही. दिवसाउजेडी गडचिरोली गाठली तर बाई वाचेल."

जानोला फळीवर निजवली. मानकू उशाशी बसला. उरकुडाने त्या दिवशी गाडी अशी काढली की मला त्याचा अभिमान वाटला. खड्डा चुकवायचा, नाल्यात हळू उतरायचा, एक धक्का तिला लागू दिला नाही. चिखलबोडी मागे गेली. आणि पाळीच्या तोंडाशी आलो तेव्हा आभाळ तांबडंकाळं झालं, तलावाचं पाणी उलटं चढायला लागलं. उरकुडाने गाडी थांबवली.

खिशातून कोंडा काढून सोडला. तो खाली पडलाच नाही, आडवा निघून गेला.

"चला," डॉक्टर म्हणाले. "पोती आहेत. दारं उघडा आणि हळू चला."

"हलकी हाये, साहेब."

"वाळू आहे, उरकुडा!"

"हलकी हाये."

डॉक्टर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी ते ओरडले. मीही ओरडलो. बाई मरते आहे आणि याला अजून माणसं पाहिजेत, या विचाराने माझं डोकं फिरलं होतं. उरकुडा उतरला, मागे आला, बाकाखालचं पोतं ओढलं आणि चाकूने त्याची शिवण कापली.

आत कोंडा होता. सगळ्या पोत्यांत कोंडा. उघड्या दारांतून वारा आला आणि तो गाडीभर उडाला. जानोच्या घामाने भिजलेल्या तोंडावर येऊन चिकटला. मानकू तळहाताने तो पुसायला लागला.

"का रे?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"वाळू असल्यावर मानसं कोन चढू देते जी?" तो खाली पाहून म्हणाला. "आन् खोटं मले बोलता येत नाई. म्हनून गाडी खरंच हलकी ठेवली. डॉक्टरसाहेब हायेत तोवर पाळीवर वारा सुटला तं थांबून घेऊ, असं वाटलं. असा दिवस येईन, हे नाई वाटलं."

गाडी वळवली असती तर वाऱ्याने तिथेच उलटवली असती, म्हणून तो वाकून, हातांनी वारा सारत, पायीच चिखलबोडीकडे धावत सुटला.

डॉक्टर जानोची नाडी धरून बसले. त्या हलक्या गाडीने पाळीवर जाणं म्हणजे सगळ्यांना तलावात घालणं होतं. मी हातांनी माती उकरून पोत्यात भरायला गेलो, पण उन्हाने पाळीची माती दगड झाली होती आणि माझी नखं तुटली. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मानकू कोंडा पुसत होता. त्याला मराठी येत होती. त्याने सगळं ऐकलं होतं.

लोक आले. गावात घरांवरची कौलं उडत होती आणि तरी ते एकमेकांचे हात धरून आले. कौसाबाई सगळ्यांत पुढे. ती चढली ती जानोचं डोकं मांडीवर घेऊनच बसली. बाकीचे वाऱ्याकडच्या अंगाला दाटीने बसले. पाळीवर गाडीची चाकं एकदा उचलली, तेव्हा सगळे एका झटक्यात वाऱ्याकडे झुकले आणि चाकं परत जमिनीला लागली. कोणी गाणं म्हटलं नाही. उरकुडाने कोणाला काही विचारलं नाही.

पाळ ओलांडली, वाऱ्यातून सुटलो, या वेळी कोणी खाली उतरलं नाही, पण आरमोरी यायच्या आत जानो गेली. सगळ्यांत आधी कौसाबाईला कळलं. तिने जानोच्या तोंडावर पदर ओढला आणि हुंदका दिला.

डॉक्टर मनाचे मोठे. उरकुडाची नोकरी त्यांच्या एका ओळीवर होती. ते एवढंच म्हणाले, "वेळेवर पोचलो असतो तरी खात्री नव्हती." खरं म्हणाले की दयेने, मला माहीत नाही.

"खात्री नव्हती, साहेब," उरकुडा म्हणाला. "पन पोचलो तं असतो."

मानकूने बायकोला परत गावी न्यायला सांगितलं. वारा पडला होता. तेच लोक, तीच गाडी, तीच पाळ. चिखलबोडीला सगळे उतरले, कौसाबाई मात्र मानकूच्या गावापर्यंत आली.

वडशाला परतल्यावर उरकुडा गाडी धुवत होता. फळ्यांच्या फटीतून कोंडा निघतच होता. मला त्याचा राग होता आणि तो मी लपवला नाही. पाठ माझ्याकडे ठेवून तोच बोलायला लागला. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने त्याला उरकुड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचललं आणि तेच नाव दिलं. मग पाठची भावंडं झाली, घर भरलं. "जेवाले बसलो का ताट ठेवाले जागा नसे जी. मंग मोठ्या तापाची साथ आली. एकेक करून सारे गेले. मीच उरलो. मागं कोनी नसलं का मले गाडी हाकता येत नाई. मागचं रिकामं ऐकू येते."

माझा राग गेला नाही. पण त्या दिवशी मी त्याच्यासाठी पोळ्या केल्या आणि आम्ही एका ताटात जेवलो.

त्यानंतर त्याने खरी वाळू भरली, दुहेरी शिवण घातली. गावातून जाताना भोंगा वाजवणं बंद केलं. कौसाबाई रस्त्यावर हात करून उभी राहायची आणि हा समोर पाहत निघून जायचा. तिला वाईट वाटायचं, ते तिने मला बोलूनही दाखवलं. खिशातला कोंडाही गेला. वारा पाहायचा झाला तर हाताचं बोट ओलं करायचा.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडाशी आम्ही पुन्हा त्या पाळीशी आलो. वारा होता, पण जाता येईल असा. पाळीच्या सुरुवातीला मोहफुलांचं गाठोडं घेऊन एक माणूस उभा होता. बाजाराला निघालेला असावा. त्याने हात केला. जवळ आल्यावर मानकू ओळखू आला, पण उरकुडा समोरच पाहत राहिला. त्याला वाटलं असेल, जाब विचारायला आला. मलाही तेच वाटलं. डॉक्टरांनी उरकुडाच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्याने गाडी थांबवली.

मानकू खिडकीशी आला. "दादा, वारा हाये."

"वाळू हाये," उरकुडा खाली मान घालून म्हणाला. "या बखताले खरी हाये. पाहून घे."

मानकूने पोत्यांकडे पाहिलंही नाही. मागचं दार उघडून तो चढला आणि वाऱ्याकडच्या बाजूला, जिथे जानोला निजवलं होतं त्या फळीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसला. हुकूम डॉक्टरांनीच आणवला होता, पण त्यांनी तोंड वळवून तलावाकडे पाहिलं.

उरकुडाला गाडी सुरू करता येईना. मग सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "आज का रांधलं..." आणि तो मध्येच थांबला, कारण त्या घरी आता रांधणारं कोण होतं?

"पेज केली मी," मानकू मागून म्हणाला.

तेव्हा उरकुडाने गाडी काढली आणि तो रडला. मोठ्याने, लाज न धरता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्याने हात उचलला नाही. वारा आडवा येत होता, गाडी पाळीवर चढली होती.

"हळू चाल, दादा," मानकू म्हणाला. "मी हाये मागं."