दम न तोडणारे नथूभावजी

लग्न होऊन या गावात आले, त्याच आठवड्यात मी माझ्या दिराला झाडूनं बडवलं. चूक माझीच, पण ऐका तरी. मी वाशिंदची, स्टेशनाजवळची. किन्हवलीकडच्या या खेड्यात उतरले तीच नाक वर करून. सकाळी परसात पाहते, तर नवऱ्याचा हा चुलतभाऊ दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या घेऊन, गुडघ्यांत वाकून, विहिरीकडून उलट्या पावलांनी येतोय. डोळे वटारलेले, तोंडानं अखंड पुटपुट. मी सातवी पास. रोग ओळखायला तेवढं शिक्षण पुरे. गडी झपाटलाय. मी झाडू उचलला आणि पाठीत चार ठेवून दिले. तो थांबेचना. मार खात, पुटपुटत उंबऱ्यापर्यंत गेला, टाच उंबऱ्याला लावली, मगच श्वास सोडला आणि म्हणाला, "वयनी, मारा खुशाल. पन मधे दम तोडायचा नसतो."

ती पुटपुट म्हणजे "कबड्डी कबड्डी" होती, हे मला सासूनं सांगितलं. मला एकटीला नव्हे, सगळ्या गावाला.

तेव्हापासून नथूभावजी माझे शेजारी; आता दोघांचेही केस पिकले. या माणसाला जग दिसतच नाही, मैदान दिसतं. एसटी भरून आली की हे दारात आधी उजवा पाय टाकणार, लगेच मागे घेणार, आणि कंडक्टर तिकडे सरकला की डावीकडून आत. मयताला गेले तरी खांदेकऱ्यांना सांगणार, "कोपरा सोडू नका रे." लग्न केलंच नाही. म्हणजे एकदा मुलगी पाहायला गेले होते. ती पोहे घेऊन आली, तर यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि तिच्या बापाला म्हणाले, "घोटा मजबूत हाय. उजव्या कोपऱ्याला चालंल." बाप उठून आत गेला. तो बाहेर यायची वाट पाहून शेवटी हेच परत आले.

गावातली पोरं नोकरीपायी कल्याणला जाऊ लागली आणि भावजींचा कबड्डीचा संघ फुटला. तेव्हा त्यांनी मुलींचा संघ काढला. गाव हसलं. मीही हसले. माझं हसू नेहमी घाईचं. पण खालच्या आळीतली मनीषा चढाईला गेली आणि ते हसू बंद पडलं. काटकुळी पोर, पण समोरच्यांत शिरायची आणि कुणाला तरी शिवून अशी परतायची, की शिवलेलीलाही उशिरा कळायचं. संघ म्हणजे मनी. बाकीच्या नुसत्या तिची वाट पाहत उभ्या.

मुरबाडच्या सामन्यांची ढाल आमच्या गावात कधी आली नव्हती. भावजी उभा जन्म तिच्यामागं. यंदा ती येणार, हे ठरल्यातच जमा होतं.

आणि सरावात मनीचा गुडघा फिरला. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत फाटलंय. आता जोर पडला तर पोर जन्माची लंगडी होईल.

पोरी रडल्या. "मामा, नाव मागं घ्या," भावजींना म्हणाल्या. भावजी दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"वयनी, लावनीला तुमी बायका वाकून मागं मागं सरता. कुनी कुनाकडं बघत नाय, तरी रांग मोडत नाय. ते पोरींना शिकवा."

"कबड्डीत रोपं लावायची का?"

"शिवून येनारी गेली. आता येनारीला धरायचं. त्याला साखळी पायजे, नि मला ती शिकवता येत नाय."

कबड्डीतलं काही मला येत नाही, असं हा माणूस म्हणाला. मी पदरानं ओटाच पुसत बसले.

मग भर माघात आमच्या खळ्यावर लावणी सुरू झाली. आम्ही म्हाताऱ्या आणि मधे मधे पोरी, मुठीत पेंढा, कमरेत वाकून, कोरड्या जमिनीत काहीही न लावता मागं मागं. रस्त्यानं जाणारा एक जण थांबला. "आजे, भात कवा काढनार?"

"तुझ्या तेराव्याला," मी म्हटलं.

मनीला भावजींनी खाटेवर बसवलं होतं, पाय गोणपाटाच्या वळकटीवर. ती "कबड्डी कबड्डी" म्हणायची आणि त्या दमावर सगळ्या सरायच्या. मधेच एखादीला समोरून चढाईला सोडून ओरडायची, "संगे, तिच्या डोळ्यांकडं काय बघतेस, डोळे खोटे बोलतात. कंबर बघ."

मुरबाडला मी तोंडात पदर धरून पाहत होते. समोरची आडदांड चढाईवाली शिरली की आमच्या पोरी ओहोटीच्या पाण्यासारख्या मागं जायच्या, आणि ती परतायला वळली की साखळी मिटायची. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. एकामागून एक सामने धरून धरून जिंकले. अंतिम सामन्यात आम्ही एका गुणानं मागं, आणि शेवटची चढाई आमची.

मनी उठली. "मामा, मला सोडा. एकच चढाई. गुडघा बांधलाय घट्ट."

"मनीला सोडा," सगळं गाव ओरडलं. सगळ्यांत मोठा गळा माझा होता.

भावजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि संगीला धाडलं. संघातली सगळ्यांत लहान. बिचारी गेली जिवाच्या कराराने, पण मधल्या रेषेपासून वीतभर अंतरावर धरली गेली.

परतताना टेम्पोत पोरी एकमेकींच्या अंगावर झोपल्या होत्या. मनी तेवढी जागी, भावजींकडे पाठ करून. मला गप्प बसवेना. "भावजी, एका चढाईचा तर प्रश्न होता. ढाल आली असती घरी."

ते हळूच म्हणाले, "वयनी, माज्या घरात मी येकटा. ढाल काय मला विचारनार, मामा जेवला का? मनी विचारते, रोज दारावरनं जाताना. आता रुसलीय, चार दिवस नाय विचारनार. पन दारावरनं चालत तर जाईल."