सात कुलपांची विहीर आणि आमची नमुना सहल

आमच्या कुटुंबाची नागपूर सहल पहिल्याच बैठकीत सर्वानुमते मंजूर झाली. विरोध एकाचाही नव्हता. तरीही ती का झाली नाही, याचा हा खुलासा आहे.

नागपूरला शनिवार-रविवार असे दोन दिवस कॉमिक्सचं संमेलन भरणार होतं. आसपासच्या राज्यांतले चित्रकार, जुनी कॉमिक्स विकणारे आणि चित्रातल्या माणसांचे कपडे घालून हिंडणारे, असे सगळे एका सभागृहात जमणार होते. ही बातमी माझ्या नातीने, अंजनीने, फोनवर वाचून दाखवली. ती सोळा वर्षांची आहे. मराठी तिला सगळी समजते, पण तोंडातून हिंदी येते.

"आजोबा, आजीवाला कॉमिक वहाँ मिल सकता है," ती म्हणाली.

आजीवाला कॉमिक म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझी बायको इंदू लग्न होऊन आर्वीहून जबलपूरला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हती. मी सकाळी सायकल काढून दारूगोळ्याच्या कारखान्यात जायचो. रांझीच्या क्वार्टरमध्ये दिवसभर ती एकटी. शेजारच्या मुलांची कॉमिक्स वाचून ती हिंदी शिकली. त्यामुळे तिची हिंदी तशीच झाली. भाजीवाल्याला म्हणायची, "ठहर जा, दुष्ट! पहले टमाटर दिखा." भाजीवाला घाबरून वरचे चांगले टमाटर द्यायचा.

तिच्या पेटीत दोनशे बारा कॉमिक्स आहेत. त्यातलं एक 'हवलदार तूफ़ानसिंह और सात तालों वाला कुआँ', भाग पहिला. शेवटच्या पानावर हवलदार सातवं कुलूप तोडून विहिरीत उतरतो. खालच्या अंधारातून आवाज येतो, "आओ हवलदार, बड़ी देर कर दी." आणि खाली छापलंय, बाकीचं दुसऱ्या भागात.

"विहिरीतून बोललं कोण हो?" इंदूने विचारलं.

दुसरा भाग जबलपूरच्या बाजारात, बड़ा फुहाऱ्याजवळच्या एका दुकानात मिळत होता. मी म्हणालो, "रविवारी बघू." त्या रविवारी ओव्हरटाइम लागला. पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग दुकान उठलं. अशी तेहतीस वर्षं गेली. मागच्या वर्षी दवाखान्यात तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "घरी तर चल, रविवारी बघू." ती घरी आली नाही.

अंजनीने फोन करून नागपूरचा एक विक्रेता शोधला. गणपतराव नावाचा. त्याच्याकडे दुसरा भाग होता, एकच प्रत. तो म्हणाला, "तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. रविवारी दुपारी दोनपर्यंत. त्यानंतर गिऱ्हाईक उभं असलं तर मी थांबणार नाही, बापा."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मी बसमध्ये बसलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण मी घरच्यांना विचारलं.

इंदूचे थोरले भाऊ विष्णुपंत जबलपूरमध्येच चेरीतालला राहतात. आम्ही दोघं एकाच कारखान्यातून निवृत्त झालो. मी पॅकिंगमध्ये होतो आणि ते तपासणीत. तपासणीचं काम असं की, तयार मालाच्या प्रत्येक लॉटमधून काही नग नमुना म्हणून काढायचे आणि ते उडवून बघायचे. नमुना नीट उडाला तर उरलेला लॉट पास. पास झाल्याशिवाय फाटकाबाहेर काही जात नाही. चौतीस वर्षं हे केल्यावर विष्णुपंतांना दुसरी कुठलीच पद्धत पटत नाही. त्यांच्या घरी जावयाच्या पानातलं श्रीखंडही आधी चमचाभर काढून ठेवतात.

"आठ माणसं, दोनशे सत्तर किलोमीटर," ते आमच्या घरचे चार आणि त्यांच्या घरचे चार अशा बैठकीत म्हणाले. "असं उठून जाता येत नाही, पुंडलिकराव. चाचणी पाहिजे."

"काहून? नागपूर काय नवीन आहे का?" सत्यभामा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या. "माझं माहेर आहे ते."

"नागपूर जुनं आहे. सहल नवीन आहे."

प्रत्येकाला एक फॉर्म मिळाला. सहलीचा उद्देश या रकान्यात मी लिहिलं, 'विहिरीतून कोण बोललं ते बघणे.' विष्णुपंतांनी ते खोडून 'सांस्कृतिक' असं केलं.

पहिली चाचणी फराळाची झाली. वहिनींनी डबाभर शंकरपाळे केले. डबा तीन फुटांवरून तीनदा पाडून बघायचा, असं ठरलं. पॅकिंग माझं होतं, त्यामुळे डब्याला पोचा आला नाही. आतले शंकरपाळे तपासायला मात्र आठही जणांनी हात घातला, आणि अहवाल लिहून होईपर्यंत डबा रिकामा. लॉट उपलब्ध नसल्यामुळे नवीन लॉट करण्याचा आदेश निघाला. असे चार लॉट झाले. चारही पास झाले आणि चारही संपले.

"पाचव्या वेळी मी घाण्याला हात लावणार नाही," वहिनी म्हणाल्या. "उपाशी मरा तिकडं."

'फराळ समाधानकारक, परंतु शिल्लक नाही,' अशी नोंद झाली.

दुसरी चाचणी गाडीची. आठ जण सामानासह भाड्याच्या गाडीत बसून रांझीहून निघालो. नागपूरऐवजी बड़ा फुहाऱ्यापर्यंतच जायचं होतं. तिथे वहिनी ब्लाउजपीस बघायला उतरल्या. दोन तासांनी आल्या, तेही रंग जुळला नाही म्हणून. विष्णुपंतांनी हिशेब केला, की सात किलोमीटरला दोन तास म्हणजे नागपूरला साधारण सव्वातीन दिवस.

"मामा, रस्त्यात काय जागोजागी ब्लाउजपीस आहेत का?" माझी मुलगी शकु म्हणाली.

"वाटेत सिवनीला आहेत," वहिनी म्हणाल्या.

तिसरी चाचणी वेशभूषेची. संमेलनाला वेश करून येणं ऐच्छिक होतं. विष्णुपंतांच्या मते ऐच्छिक म्हणजे ज्याची अजून तपासणी झाली नाही असं सक्तीचं. ते स्वतः हवलदार झाले. मिशी टिकते का, हे बघायला त्यांनी ती कारखान्यात वापरतात तसल्या डिंकाने चिकटवली. मिशी पास झाली. इतकी पास झाली की तीन दिवस निघाली नाही. चौथ्या दिवशी ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. बाई फोटो बघून म्हणाली, "भैया, जिनका खाता है उनको भेजिए।" ते घरी परत आले आणि 'वेशभूषा अत्यंत परिणामकारक' असं लिहिलं.

शुक्रवारी मुख्य चाचणी जाहीर झाली. आठांतले दोघे नमुना म्हणून शनिवारी पुढे जातील. नमुना सुखरूप पोचला, फिरला, जेवला, की उरलेला लॉट रविवारी पहाटे रवाना होईल.

अंजनीने चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी शकुची. दुसरी माझी.

मी उठून पिशवी आणायला गेलो. परत येतो तर विष्णुपंत माझ्या चिठ्ठीकडे बघत होते.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "नमुना लॉटसारखा पाहिजे. यांचं वय अडुसष्ट, गुडघा डावा खराब, आणि माणूस सध्या एकटा. उरलेल्या सात जणांत असं कुणी आहे का?"

"विधुर होना पडेगा क्या सबको?" अंजनी म्हणाली.

"तू मधे बोलू नको."

"मी जातो ना," मी म्हणालो. "उडालो तर उडालो."

"तुमच्यावरून लॉटचा काही अंदाज येणार नाही, पुंडलिकराव. वाईट वाटून घेऊ नका."

पुन्हा चिठ्ठी टाकली. माझे जावई रत्नाकर निघाले. ते रेल्वेत आहेत. ते म्हणाले, "बाबूजी, मैं ले आऊँगा न किताब, चिंता काहून करता?" मला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी शकुचा फोन आला. मागे गडबड ऐकू येत होती. "बाबा, इतकं मस्त आहे! चार हवलदार तूफ़ानसिंह फिरून राहिले इथं! तुम्ही निघा बरं लवकर."

मी फोन विष्णुपंतांना दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. आता लेखी पाठव."

शकुने व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यावर सही नव्हती. तिने कागदावर लिहून, सही करून फोटो पाठवला.

"ही छायाप्रत झाली," विष्णुपंत म्हणाले. "मूळ प्रत पाहिजे."

मूळ प्रत नागपूरला होती. ती नमुन्याबरोबरच येणार होती आणि नमुना रविवारी संध्याकाळी परतणार होता.

रविवारी पहाटे मी पिशवी घेऊन चेरीतालच्या त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. पिशवीत पहिला भाग होता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. सहा वाजता मी म्हणालो, "विष्णुपंत, मी एकटाच बसने जातो."

"लॉट फोडता येत नाही," ते चहा गाळता गाळता म्हणाले.

एवढंच. त्यांनी मला धरलं नाही, दार लावलं नाही. बस स्टँडला जाणारी ऑटो समोर उभी होती. पण मी छत्तीस वर्षं पास असल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तिथे फाटक नव्हतं, तरी मी थांबलो. दहा वाजेपर्यंत उशीर झाला होता, आणि मग चहा घ्यायला हरकत नव्हती.

रात्री आठ वाजता शकु आणि रत्नाकर आले. विष्णुपंतांनी मूळ प्रत घेतली, सह्या पडताळल्या आणि आठ वाजून दहा मिनिटांनी लॉट मंजूर केला. टाळ्या झाल्या. संमेलन पाच वाजता संपलं होतं.

"पुस्तक?" मी विचारलं.

शकुने मामाकडे बघितलं. "दिलं नाही त्यानं. मामांनी त्याला रजिस्टर पत्र पाठवलंय म्हणे. पुस्तक फक्त पुंडलिकरावांनी स्वतः येऊन, ओळखपत्र दाखवलं तरच द्यावं. मी म्हटलं, मी पोरगी आहे त्यांची. तो म्हणे, ताई, पत्रात पोरगी लिहिलेली नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी भोपाळच्या एका माणसाला देऊन टाकलं."

"सुरक्षेसाठी लिहिलं होतं," विष्णुपंत म्हणाले. "कुणी परस्पर उचललं असतं तर?"

शकु माझ्याजवळ येऊन बसली.

"पण बाबा, त्यानं उभ्या उभ्या वाचू दिलं मला. सगळं वाचलं. विहिरीतून कोण बोललं, मला माहीत आहे." ती थोडी हसली. "आईला लई आवडलं असतं. सांगू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. विष्णुपंतांनीही पेन खाली ठेवलं. मला कळलं असतं, तरी ते ऐकायला रांझीच्या घरी आता होतं कोण, हा एक प्रश्न होता. पण तेवढाही विचार मी केला नाही. जीभ आपोआप वळली.

"आज थकलीस तू," मी म्हणालो. "रविवारी बघू."

याला आता सात महिने झाले. हे वाचून काही जण विचारतील, की अहो, विहिरीतून बोललं कोण ते तरी सांगा. त्यांची सोय केलेली आहे. शकु सांगायला तयार आहे. विष्णुपंतांनी नमुना अर्ज तयार केला आहे. तो तीन प्रतींत भरून चेरीतालच्या पत्त्यावर पाठवावा. सोबत एकच दाखला जोडायचा आहे, की मी माझ्या घरातल्या माणसाला 'रविवारी बघू' असं आजवर एकदाही म्हटलेलं नाही. खाली त्या माणसाची सही. छायाप्रत चालणार नाही.

आजपर्यंत एकही अर्ज आलेला नाही.