नानांची बिनआवाजाची होडी

आमच्या कॉलनीत एकाही स्कूटरचं मीटर चालत नसे. काटा कायम शून्यावर झोपलेला. याचं कारण आमचे शेजारी नाना. कोणी स्कूटर लावून उतरलं की नाना फाटकाशी हजर. "मीटरची केबल तुटली का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. मग आपणच धीर देत, "तुटेल, तुटेल!" आणि ती तुटली की हक्काने मागून नेत. "मीटर हवं कशाला भाऊ? धुळ्यात जायचंय कुठं लांब?"

त्या केबलच्या आतल्या तारेवर नाना होड्या चालवत. हातभर लांबीची लाकडी होडी, तिच्यात बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, शेपटाला पितळी पंखा. मोटर आणि पंखा जोडणारा दांडा म्हणजे ही तार. सरळ सळई घातली तर होडी खडखडते. तार वाम माशासारखी वाकते आणि वाकूनही फिरत राहते. पांझरा नदीत गुडघाभर पाणी नाही, नळ येतो चार दिवसांनी, आणि या माणसाला आगबोटीचा नाद!

नानांचा सगळा जन्म सूतगिरणीत गेला होता, म्हणून बोलण्यात सारखा पीळ. "तार कुठल्या अंगाला पिळलीय ते आधी बघा. पंखा त्याच अंगाला फिरला तर भार आल्यावर आवळते. उलटा फिरला तर उकलते." पुढे पुढे ते माणसांचेही पीळ सांगू लागले. समोरचे पाटीलभाऊ त्यांच्या मते जन्मापासून उलट्या पिळाचे.

रविवारी सकाळी नाना ओट्यावर तारेला कथलाचा डाग द्यायला बसत, तेव्हा मी चहा घेऊन समोर बसायचो. तार रॉकेलमध्ये धुऊन वंगणाचा थेंबही ठेवायचे नाहीत. जिथे कापायची तिथेच आधी कथील पाजायचे आणि मग त्या कथलातून बारीक करवत चालवायचे. "आधी कापली तर केस मोकळे सोडल्यासारखी पिंजारते." मग ते टोक पितळी नळीत घालून नळी तापवत. कथील नुसतं टेकवत.

"ढकलायचं नाही. नळी तापली की ते आपणहून आत जातं."

आणि खरंच, तो चंदेरी थेंब क्षणभर थबकून आत ओढला जाई. मी नकळत पुढे वाकलो की नाना ओरडत, "फुंकू नका! त्याच्या मनानं गार होऊ द्या." गार होईपर्यंत त्यांचा हात दगडाचा. मग तार कानाशी धरून बोटांनी फिरवायचे. जरा कुरकुर ऐकू आली की सगळं सोडवून पुन्हा पहिल्यापासून. इतकी कसली शांतता हवी होती त्यांना, मला कळत नसे.

त्या उन्हाळ्यात नळ आठवड्याने येऊ लागला. पाटीलभाऊ संतापले. "आम्ही हंडे मोजतो आणि हा बाबा होडीला पाणी घालतो! तुमचं ऐकतो तो. सांगा त्याला." कॉलनीच्या वतीने मी गेलो.

ओट्यावर कोणी नव्हतं. आत हाक मारली तर नानांनी तोंडावर बोट ठेवून बोलावलं. त्यांच्या घरात मी प्रथमच शिरत होतो. त्यांच्या पत्नी विमलवहिनी दोन वर्षांपासून आजारी आहेत एवढंच आम्हाला ठाऊक.

वहिनी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. डावा हात निर्जीव. समोर बाकांवर, गुरांच्या हाळासारखी लांबलचक पत्र्याची कुंडी, काठोकाठ भरलेली.

"डोक्यात रक्त साकळलं," नाना हलक्या आवाजात म्हणाले. "डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं जग तिला नाहीच. ताटात डावीकडे वाढलेलं लोणचं तसंच राहतं, आणि मलाच विचारते, लोणचं का नाही वाढलं? डॉक्टर म्हणाले, नजर डावीकडे न्यायला लावा. हाका मारल्या, दिवा फिरवला. कशानंच वळेना. होडीमागं मात्र जाते. पण जरा खडखडली की दचकते, डोळे मिटून घेते. काल डाग सुटला, होडी मध्येच थांबली. तिची नजरही तिथंच थांबली. दुपारभर रडली."

मी पाण्याचं बोलायला आलो होतो. जागा नव्हती म्हणून कुंडीच्या, वहिनींच्या डावीकडच्या टोकाशी भिंतीला चिकटून उभा राहिलो.

नानांनी उजवीकडून होडी सोडली. काही म्हणता काही आवाज नाही; फक्त मागे पाण्याची एक घडी उलगडत होती.

"देख इमल, होडी ऊनी." होडी आली, असं ते अहिराणीत हळूच म्हणाले.

वहिनींची नजर होडीला लागली. मध्यापर्यंत आली. नानांचे ओठ घट्ट मिटलेले. होडी पुढे गेली, नजर अडखळली, आणि मग मान, जड दार ढकलावं तशी, हळूहळू वळली. होडी टोकाला टेकली. वहिनींचे डोळे तिथून वर आले आणि माझ्या चेहऱ्यावर थांबले.

"कोन शे?" त्या म्हणाल्या. आणि लगबगीने उजव्या हाताने डोक्यावरचा पदर सारखा केला.

नाना खाटेच्या कडेला मटकन बसले. होडी टोकाशी पाणी घुसळत होती, ती बंद करायचंही भान नव्हतं.

"शेजारना भाऊ शे," शेवटी ते म्हणाले.

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. पाण्याचं मी बोललो नाही, त्यांनीही काय काम होतं ते विचारलं नाही. फक्त माझी बाही धरून म्हणाले, "उद्याही या भाऊ. याच बाजूला उभे राहा."